दुसऱ्या भाषेचा दाखला

विद्यापीठाच्या आवक खिडकीत बसणाऱ्या सेन्योरिता इल्दा यांनी माझी फाइल पहिल्यांदा परत केली, तेव्हा मी रागावलो. तिसऱ्यांदा केली, तेव्हा हसलो. सातव्यांदा केली, तेव्हा मात्र मी त्यांना त्यांच्या आईच्या मोतीबिंदूचं काय झालं ते विचारलं. तोवर आमचा तेवढा घरोबा झाला होता.

खरं म्हणजे डॉक्टरेटचं अवघड काम केव्हाच संपलं होतं. चार वर्षं शनिवार-रविवार वर्गात घालवले, परीक्षा दिल्या, प्रबंध लिहिला. आमची डॉक्टरेट ही नोकरदारांची डॉक्टरेट. तिथे आभाळातले सिद्धान्त चालत नाहीत. आपण जिथे पगार घेतो तिथलाच एखादा दुखरा प्रश्न उचलायचा आणि त्यावर इलाज शोधायचा. मी आरेकिपातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापक आहे, आणि माझा दुखरा प्रश्न होता सकाळी उशिरा येणारी मुलं. संशोधनासाठी मी रोज पावणेआठला फाटकात वही घेऊन उभा राहू लागलो. मला पाहून मुलं वेळेवर यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात उशिरा येणारा एकही विद्यार्थी शिल्लक राहिला नाही. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली, पण माझा प्रबंध जागच्या जागी मेला. शेवटी मी समोरच्या पेपरच्या टपरीमागे लपून नोंदी करू लागलो. चौपन्नाव्या वर्षी, टाय लावून, टपरीमागे. दोन पालकांनी मला पाहिलं आणि काही न बोलता रस्ता बदलला. ज्ञानासाठी माणूस काय काय सोसतो!

तर हे सगळं पार पडल्यावर प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची तारीख मिळवण्यासाठी खिडकीत चौदा कागद द्यायचे होते. यादी भिंतीवर लावलेली होती, काच फुटलेल्या चौकटीत, आणि नववा मुद्दा नेमका तड्याखाली होता. माझा फोटो चष्म्यामुळे परत आला. चष्मा काढून काढलेला फोटो ‘ओळख पटत नाही’ म्हणून परत आला. ग्रंथालयाने मी एकोणीसशे ब्याण्णव साली नेलेलं भूमितीचं पुस्तक मागितलं. हे सगळं मी निस्तरलं. मग आला मुद्दा अकरावा.

“दोन भाषांचे दाखले,” इल्दाबाई म्हणाल्या. “इंग्रजीचा आहे. दुसरा?”

“दुसरी कुठली?”

“फ्रेंच, पोर्तुगीज, इटालियन, काहीही. किंवा आपल्या देशातली एखादी मूळची भाषा. केचुआ चालते.”

माझा जीव भांड्यात पडला. मी खिडकीवर कोपर टेकवून, गुपित सांगावं तसं म्हणालो, “सेन्योरिता, मग लिहा केचुआ. ती तर आमच्या घरातलीच.”

“येते तुम्हाला?”

आता इथे खरं काय ते सांगतो. केचुआ आमच्या घरात होती, हे अगदी खरं. माझ्या सासूबाई बासिलिया काबानाकोंदेच्या, कोल्काच्या दरीतल्या. अठरा वर्षं आमच्या मागच्या खोलीत राहतात आणि रोज सकाळी परसातल्या गिनीपिगांना चारा टाकताना त्यांच्याशी केचुआत बोलतात. मी दात घासताना ते ऐकतो. अठरा वर्षं रोज जी भाषा कानावर पडते ती माणसाला येतच असणार, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

“येते,” मी म्हणालो.

इल्दाबाईंनी शिक्का मारला. मग म्हणाल्या, “आता तिची परीक्षा द्यायची, तेव्हाच दाखला. आणि एकदा भाषा लिहून दिली की या सत्रात बदलता येत नाही बरं का. आणि तुमची पाच वर्षांची मुदत तीस नोव्हेंबरला संपते. त्यानंतर दोन सत्रं पुन्हा पहिल्यापासून.”

त्या दिवशी सप्टेंबरची बावीस तारीख होती.

फोनवर सांगितलेली बातमी मी घरी येईपर्यंत गल्लीत पोचलेली होती, कारण माझी बायको मार्लेनी हिच्या पोटात काही राहत नाही. मी प्रवेश घेतला त्याच दिवसापासून तिने मला गल्लीत ‘डॉक्टर’ करून टाकलं होतं. त्याचा ताप असा की शेजारचे सेन्योर बुस्तिन्सा जवळजवळ पाच वर्षं मला त्यांचा गुडघा दाखवत होते. मी शिक्षणशास्त्राचा डॉक्टर होणार आहे, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! ते म्हणायचे, “हो हो, पण जरा दाबून तर बघा.”

बुस्तिन्सा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे अर्ज तयार असतो. “सोपं आहे,” ते म्हणाले, “अर्ज करा, की तुम्हाला केचुआ येत नाही हा विद्यापीठाच्याच शिक्षणाचा दोष आहे. त्यांची बाजू लंगडी पडेल.”

“पण मी येते म्हणून लिहून दिलंय.”

“अरेरे. सही केलीत?” त्यांनी मान हलवली. “सही करण्याआधी विचारायचं असतं, डॉक्टर. आता गुडघा तेवढा बघा.”

खरी मदत केली ती आमच्या शाळेच्या पी. टी. मास्तरने, विल्बेरने. निदान तेव्हा मला तसं वाटलं. विल्बेर म्हणाला, “सर, भाषेच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न एकच असतो, स्वतःची ओळख करून द्या. ती झोकात दिली की पुढचं कोण ऐकतं? माझ्या चुलतभावाने असंच केलं.” त्याने मला एक छापील पान आणून दिलं, अकरा वाक्यांचं. मी ते आठ दिवस पाठ केलं. बसमधून जाताना, दाढी करताना, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ओठ न हलवता. अर्थ विचारायला सासूबाईंकडे जावं असं एकदा मनात आलं, पण उपमुख्याध्यापकाने सासूपुढे वही घेऊन बसायचं म्हणजे जरा कमीपणाच वाटला.

परीक्षक होत्या प्राध्यापिका चोकेवांका. वय तिशीच्या आसपास, केसांची एक वेणी, चेहरा शांत. त्यांनी केचुआत काहीतरी विचारलं. मी उभा राहिलो, कोटाचं बटण लावलं आणि अकरा वाक्यं एका दमात म्हटली. आवाज खणखणीत लागला होता. शेवटी मी किंचित झुकलोसुद्धा.

बाईंनी मला बसायची खूण केली. मग स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, “सर, मी विचारलं होतं की खिडकी उघडू का.”

“हो का?”

“आणि तुम्ही सांगितलंत की तुम्ही आठ वर्षांचे आहात, तुमच्याकडे चार मेंढ्या आहेत, आणि त्यांतली काळी तुमची सगळ्यांत लाडकी.”

ते पान पहिलीच्या वाचनपाठाचं होतं. मला मिळाले वीसपैकी चार. पास व्हायला चौदा लागतात. बाई चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “पुढची परीक्षा सव्वीस नोव्हेंबरला. घरी कुणी बोलणारं आहे का?”

“आहेत,” मी म्हणालो, “सासूबाई.”

“मग तुम्ही इतके दिवस काय करत होता?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता, पण तो बसमध्ये माझ्या मांडीवर बसून घरी आला.

सासूबाई परसात बटाटे सोलत होत्या. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला. “आई, मला केचुआ शिकवाल का?”

त्यांनी वर पाहिलं नाही. “मला कुठे येते?”

“असं काय म्हणता? रोज सकाळी गिनीपिगांशी कोणत्या भाषेत बोलता मग?”

“त्यांचे उच्चार बिघडले तरी चालतात, जावईबापू.”

आणि बटाटे घेऊन त्या आत गेल्या.

मला काही कळलं नाही. मी मार्लेनीला विचारलं. ती कपडे घड्या करत होती. हातातली चादर तिने तशीच खाली ठेवली. “तुला खरंच आठवत नाही?” ती म्हणाली. “आई इथे राहायला आली तेव्हा आपली आरासेली तीन वर्षांची होती. आई तिला केचुआत गोष्ट सांगत होती. तू आईला दिवाणखान्यात बोलावलंस, बसवलंस, चहा दिलास, आणि म्हणालास, मुलीसमोर स्पॅनिशच बोलत जा, नाहीतर तिचे उच्चार बिघडतील.”

“मी?”

“तू. वर एका पुस्तकाचं नावही सांगितलंस.”

आरासेली आता लिमात नोकरी करते. तिचं स्पॅनिश आकाशवाणीवर शोभावं असं आहे. आजीशी फोनवर ती दोन मिनिटं बोलते, आणि मग दोघींना काय बोलावं ते सुचत नाही. मी याचं कारण आजवर मोबाइलला देत आलो होतो.

माफी मागायची हे मी लगेच ठरवलं, पण माफीचा मसुदा तयार व्हायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी परसात गेलो. “आई,” मी सुरुवात केली, “त्या काळात प्रचलित असलेल्या शिक्षणशास्त्रीय धारणा लक्षात घेता...”

“हे स्पॅनिश मला समजत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “सोपं सांगा.”

“मी चुकलो.”

चाकू थांबला. एक गिनीपिग चीं चीं करत होता, त्याला त्यांनी पाल्याचा एक देठ टाकला. मग म्हणाल्या, “शाळेत आमच्या बाईंनी मला केचुआ बोलताना पकडलं होतं. दोन्ही हातांत दोन धोंडे देऊन उन्हात उभं केलं, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. तुम्ही निदान चहा देऊन सांगितलंत.”

मी तिथेच बसलो. मग दुसरा चाकू घेतला आणि बटाटे सोलायला लागलो. सालं फार जाड निघतात म्हणून त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“आता तुमच्या त्या विद्यापीठाला केचुआ पाहिजे?” त्या म्हणाल्या.

“हो. दाखला लागतो.”

“धोंड्यांचा नाही ना देत दाखला? माझ्याकडे तोही निघेल.” आणि मग त्या जे हसल्या, ते पदर, म्हणजे एप्रन, तोंडाला लावून हसल्या. इतक्या की मार्लेनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सासूबाईंनी शिकवायचं कबूल केलं, पण त्यांच्याही अटी होत्या, आणि विद्यापीठाच्या चौदा कागदांपेक्षा त्या कडक निघाल्या. वही आणायची नाही. संध्याकाळी पाच ते सात या वेळात स्पॅनिशचा एक शब्द काढायचा नाही, घराला आग लागली तरी. रविवारी बाजारात पिशव्या उचलायच्या. आणि रोज सकाळी गिनीपिगांची खुराडी झाडायची, कारण “जी हसणार नाहीत त्यांच्याशी आधी बोला.” मी डॉक्टरेटच्या उंबरठ्यावर उभा होतो, हातात खराटा होता, आणि एका तपकिरी गिनीपिगाला विचारत होतो की त्याची झोप झाली का. भिंतीवरून बुस्तिन्सांनी डोकं काढलं आणि तसंच परत आत घेतलं. त्या आठवड्यात गुडघा दाखवायला आले नाहीत.

बाजारात माझी अब्रू दर रविवारी थोडी थोडी विकली जात होती. केचुआत एक ‘तांता’ असतो, एक ‘थांता’ असतो, आणि एक ‘तांता’ असा असतो की त्यातला त घशातून फटाका फुटल्यासारखा काढावा लागतो. हा फटाक्याचा म्हणजे पाव. थांता म्हणजे जुनं, फाटकं. मी पाववालीपुढे उभा राहून चांगल्या खड्या आवाजात सहा फाटक्या चिंध्या मागितल्या. तिने माझ्या कोटाकडे पाहिलं, हळहळली आणि पलीकडच्या जुन्या स्वेटरांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. सासूबाई मागे उभ्या राहून आकाश बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी मी तो फटाका काढला, पण थोड्या जास्त जोरात, आणि पाव झाकलेल्या कापडावर थुंकी उडाली. आम्ही सगळेच पाव विकत घेतले.

पण मला सगळ्यांत जेरीस आणलं ते क्रियापदांनंतरच्या शेपटांनी. या भाषेत नुसतं ‘मुलं उशिरा आली’ म्हणून सुटका नाही. आपण स्वतः पाहिलं असेल तर एक शेपूट, कुणाकडून ऐकलं असेल तर दुसरं. मी संध्याकाळी शाळेतल्या गोष्टी सांगायला लागलो की सासूबाई दर वाक्याला अडवायच्या.

“मुख्याध्यापक फार आळशी आहेत.”

“पाहिलंत?”

“सगळेच म्हणतात.”

“मग ऐकलेल्याचं शेपूट लावा.”

“नवीन शिक्षणाधिकारी पैसे खातो.”

“पाहिलंत?”

आठवडाभरात माझ्या ध्यानात आलं, की मी आयुष्यात छाती ठोकून जे जे बोलत आलो, त्यातलं निम्मं ऐकीव होतं. मी माझा प्रबंध काढून चाळला. टपरीमागून पाहिलेली अकरा पानं सोडली, तर बाकी दोनशे सहा पानांना दुसरंच शेपूट लागलं असतं. हे मी मार्गदर्शकांना सांगितलं नाही.

सव्वीस नोव्हेंबरला सासूबाई बरोबर आल्या. नको म्हटलं तरी आल्या, कशिदा काढलेली टोपी घालून, जशा त्या गावच्या जत्रेला जातात तशा. परीक्षेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. त्या बाहेर बाकावर बसल्या, दाराच्या फटीला लागून.

चोकेवांकाबाईंनी या वेळी आधी खिडकीचंच विचारलं. मी म्हणालो, उघडा, उकडतंय. त्यांनी भुवया वर केल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या घरात घडलेली एखादी गोष्ट सांगा.”

मी बैलाची गोष्ट तयार करून आलो होतो. पण तोंड उघडलं आणि बैल काही आठवेना. आठवला तो दिवाणखाना, आणि चहाचा कप. मग मी तेच सांगितलं, मोडकंतोडकं. एक बाई होती. नातीला गोष्ट सांगत होती. तिचा जावई शिकलेला होता. त्याने तिला गप्प केलं. अठरा वर्षं ती फक्त जनावरांशी बोलली. आणि गोष्टीला जरा उठाव यावा म्हणून मी शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं: त्या दिवशी ती परसात जाऊन रडली.

“पाहिलंत?” दाराबाहेरून आवाज आला. केचुआतच.

मी थांबलो. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग शेपूट बदला.”

मी वाक्य पुन्हा म्हटलं. त्या दिवशी ती परसात जाऊन रडली, असं मी ऐकलं.

“कुणाकडून ऐकलंत?” चोकेवांकाबाईंनी हळूच विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. मला खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं. फटीतून टोपीचा फक्त काठ दिसत होता, आणि बराच वेळ तो हलला नाही.

“माझ्याकडून,” सासूबाई म्हणाल्या. “आत्ता ऐकलं त्यांनी.”

मला वीसपैकी चौदा मिळाले. दोन चुका सासूबाईंनी मागाहून वेगळ्या मोजून दाखवल्या, त्या बाईंच्या नजरेतून सुटल्या होत्या. पण बाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या बाहेर जाऊन सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, आणि दोघी अशा काही बोलत सुटल्या की मी दाखला हातात धरून पाऊण तास भिंतीवरची सूचना वाचत उभा होतो. बाईंची आजी दरीच्या समोरच्या काठावरची निघाली. विद्यापीठात जुन्या गोष्टी आवाजासकट जपून ठेवायचं काम चाललं होतं. सासूबाईंनी दर मंगळवारी येऊन गोष्टी सांगाव्यात, असं तिथेच ठरलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ओळखपत्रासाठी त्यांचे कागद द्यायला आम्ही खिडकीवर गेलो. चार कागद होते. फोटोत टोपी होती, ती पार भुवयांपर्यंत आलेली. इल्दाबाईंनी फोटो पाहिला, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आलाय.” शिक्का. पहिल्या खेपेत, तीन मिनिटांत. मग त्यांनी माझी फाइल काढली आणि सांगितलं, की चौदावा कागद खालच्या मजल्यावर मिळेल, पण तिथला माणूस गुरुवारीच येतो.

गुरुवारी म्हणजे तीस तारखेला दुपारी सव्वाचारला माझी फाइल दाखल झाली.

प्रबंधाची तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली. तीन परीक्षकांनी मला दीड तास प्रश्न विचारले. एकाने एका तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?” मी म्हणालो, “नाही सर, हे ऐकीव आहे.” तो इतका चकित झाला, की पुढचा प्रश्नच विसरला. नंतर मार्लेनीने आणि सासूबाईंनी आणलेल्या डब्यांवर तिघांनी मनापासून ताव मारला आणि मला एकमताने डॉक्टर केलं. बुस्तिन्सांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि विचारलं, की आता तरी औषध लिहून देता येईल ना.

त्या रविवारी दुपारी मी दिवाणखान्यात पेपर वाचत पडलो होतो. सासूबाई तिथेच, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून, गावाकडच्या भावाशी फोनवर बोलत होत्या. केचुआत, चांगल्या मोठ्यांदा. मी पेपर खाली केला नाही, पण वाचणं थांबलं. माझ्याबद्दल चाललं होतं. जावई भला माणूस आहे, त्या सांगत होत्या, पण बोलतो फार, सूप पिताना आवाज करतो, आणि अठरा वर्षांत घरातला एक नळ त्याने दुरुस्त केला नाही. आणि या सगळ्या वाक्यांना त्या पाहिलेल्याचं शेपूट लावत होत्या.

“मला ऐकू येतंय!” मी पेपराआडून केचुआत म्हणालो.

मग पलीकडून फोनमध्ये कुणीतरी ओरडलं, सासूबाई खदखदून हसल्या आणि फोन त्यांनी सरळ माझ्या हातात दिला. “बोला. तो विचारतोय.”

म्हातारबुवा भराभर बोलत होते. त्यांच्याकडे वारा होता, एक कुत्रा भुंकत होता, आणि मला तिनातला एक शब्द कळत होता. मका. मे महिना. माणसं कमी. मी अदबीने प्रत्येक वाक्याला होकार देत राहिलो, कारण ‘हो’ हा शब्द मला फार छान म्हणता येतो. फोन ठेवला तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

“काय कबूल केलंत, माहीत आहे?”

“साधारण.”

“दहा दिवस मका खुडायला येतो म्हणालात. सकाळी चारला उठायचं.” त्या उठल्या, आतल्या खोलीकडे निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, “आरासेलीला पण घेऊन येतो, असंही म्हणालात. तिला मी कळवते.”

आणि त्या लिमाचा नंबर फिरवायला लागल्या.